पहिल्या जुळाऱ्याचा वारसतपास

छापखानेवाला हा एक विलक्षण प्राणी आहे. गावात मूल जन्मले की बारशाचे आमंत्रण तो छापतो, पुढे त्याच मुलाची मुंज छापतो, लग्न छापतो, आणि सरतेशेवटी 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' या शब्दांनी सुरू होणारे कार्डही तोच छापतो. चारी बाजूंनी काळी चौकट घालून, आणि बहुधा उधारीवर. सगळ्या गावाचे जन्ममृत्यू असे त्याच्या बोटांतून जातात. पण तो स्वतः जातो तेव्हा? तेव्हा मशीन बंद असते, मजकूर लिहून द्यायला कोणी नसते, आणि ज्यांची उधारी थकलेली असते ती मंडळी तर मुद्दामच आठवण काढत नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे समजू नका. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हाची गोष्ट. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावी लुई टिमथी नावाचा एक छापखानेवाला होता. साधासुधा नव्हे, बेंजामिन फ्रँकलिनचा भागीदार. तिथले साप्ताहिक तोच चालवी आणि तोच छापी. १७३८ च्या डिसेंबरात तो मेला. कसा मेला? त्याच्याच पत्राने वाचकांना कळवले की मुद्रक एका 'दुर्दैवी अपघाता'त गेला. संपले! बंदराला कोणते गलबत लागले आणि कोणाचा घोडा पळाला हे छापायला ज्या पत्रात जागा असे, त्या पत्रात मालकाच्या मरणाला दोन शब्द. होडी उलटली, छप्पर कोसळले की घोड्याने लाथ मारली, याचा पत्ता नाही. त्याची बायको एलिझाबेथ हिने पदर खोचला आणि पत्र पुढे चालू ठेवले. फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की नवरा विद्वान आणि प्रामाणिक होता, पण हिशेबाच्या नावाने शून्य. बायकोने मात्र दर तिमाहीचा हिशेब चोख पाठवला. म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूचे गूढ राहिले, पण भागीदाराला पडलेले हिशेबाचे गूढ सुटले. व्यापारात याला सुखान्त म्हणतात.

ही हकीगत वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला. त्या टिमथीला निदान 'दुर्दैवी अपघात' एवढे तरी मिळाले. आपल्या देशातल्या पहिल्या छापखानेवाल्याचे काय झाले?

आता, हा भुंगा दुसऱ्या कोणाच्या डोक्यात शिरला असता तर दोन दिवसांत बाहेर पडला असता. पण मी रत्नागिरीचा, त्यातून मांडवीला राहणारा. समोर काळ्या वाळूचा किनारा, उजव्या हाताला रत्नदुर्गाचा डोंगर, आणि चौकश्या करायला भरपूर वेळ. शिवाय आमच्याकडे माणूस नुसता मेला म्हणून मरत नाही. त्याचा मृत्यूचा दाखला निघावा लागतो, तलाठ्याकडे वारसतपासाचा अर्ज जावा लागतो, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावरून नाव उतरावे लागते. तोपर्यंत तो पणजोबा असला तरी हयातच. माझ्या माहितीतल्या कितीतरी बागांचे आंबे अजून असल्या हयात पणजोबांच्या मालकीचे आहेत. या संस्कारामुळे मला खोडच जडली आहे. इतिहासात कोणीही भेटला की मी आधी विचारतो : हा मेला कधी, आणि वारस कोण?

तर तारखा आधी सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तंटा नको. ६ सप्टेंबर १५५६ या दिवशी गोव्याच्या बंदरात एक जहाज लागले. मार्चअखेर लिस्बन सोडलेले, आफ्रिकेला वळसा घालून पाच महिन्यांवर दिवस मोजत आलेले. जहाजावर ॲबिसिनियासाठी, म्हणजे आजच्या इथिओपियासाठी, नेमलेले मोठे धर्माधिकारी जुआंव नुनिश बार्रेतो होते, आणि सामानात एक छापखाना होता. तो आपल्यासाठी नव्हताच. तो जायचा होता ॲबिसिनियाला. पण तिथल्या राजाला पोपची सत्ता मानण्याची मुळीच हौस नव्हती. त्यामुळे धर्माधिकारी गोव्यातच अडकले, पुढे १५६२ साली तिथेच वारले, आणि छापखानाही तिथेच राहिला. भलत्याच स्टेशनवर उतरलेले पार्सल ज्याच्या हाती लागेल त्याने सोडून बघावे, तसा भारतात छापखाना आला.

आमच्या रत्नागिरीला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. आम्ही तेव्हा आदिलशाहीत होतो. लिहायला बोरू होता, वाचायला पोथी होती, आणि दोन्ही न करायला अवघी रयत होती. पुढे वाचनाच्या बाबतीत आम्ही एवढी घाई केली की विचारू नका. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. मराठीतले पहिले वर्तमानपत्र म्हणून ज्याचा मान आहे ते बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले १८३२ साली. म्हणजे वर्तमानपत्र निघायच्या आधी चार वर्षे आम्ही वाचनालय काढून त्याची वाट बघत बसलो होतो.

असो. गोव्यातल्या त्या छापखान्याबरोबर दोन माणसे होती. एक जुआन दे बुस्तामान्ते. स्पेनमधल्या व्हॅलेन्शियाचा, जेझुइट पंथातला ब्रदर, वय सुमारे वीस. दुसरा एक हिंदी माणूस. पोर्तुगालच्या राजाने त्याला बुस्तामान्तेच्या मदतीला म्हणून धाडले होते. त्या काळच्या जेझुइटांच्या पत्रांत त्याचे वर्णन येते : चांगल्या चालीचा, छपाईच्या कामात वाकबगार, अनुभवी, नेमाने पापनिवेदनाला जाणारा.

इथे मी थांबलो. साहेबाचे वय वीस, आणि 'अनुभवी' म्हणून शेरा मदतनिसाला! जन्मभर ज्याने कोणत्याही कचेरीत नोकरी केली आहे त्याला हे वाक्य वाचून काम कोण करत होते ते वेगळे सांगायला नको. हा माणूस इथलाच. कधीतरी समुद्र ओलांडून पोर्तुगालला गेला. तिथे राजाच्या कानावर जाण्याइतका तरबेज झाला. आणि परत येताना भारतातला पहिला छापखाना बरोबर घेऊन आला. आमच्या आळीतला एक मुलगा दुबईहून मिक्सर घेऊन आला तर त्याची हकीगत अजून सांगतात.

आता मेले कधी ते बघू. बुस्तामान्तेचा वारसतपास पाच मिनिटांत आटोपतो. पंथाची दप्तरे चोख. पुढे त्याने जुआंव रोड्रिगेश असे नाव घेतले. त्यामुळे एकच माणूस कागदोपत्री दोन होतो आणि पहिला एकाएकी गडप झाल्यासारखा वाटतो, पण तेवढा गुंता आमच्याकडच्या कोणत्याही सातबाऱ्यावर असतो. हा रोड्रिगेश उर्फ बुस्तामान्ते १५८८ साली गोव्यातच वारला. नाव, गाव, वय, मृत्यू, सगळे रकाने भरलेले.

आणि दुसरा? अनुभवी, वाकबगार, चांगल्या चालीचा? त्याचे नावच कोणी लिहिलेले नाही.

चारित्र्य लिहिले, कौशल्य लिहिले, पापनिवेदनाला जातो हेसुद्धा लिहिले, पण नाव नाही. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९५८ साली भारतातल्या मुद्रणाच्या चारशे वर्षांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. मूळचे गोव्यातल्या प्रियोळचे, मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे संचालक, आणि जुन्या कागदांतून बोट फिरवत जाणारा संशोधक. त्यांच्याही ग्रंथात हा मनुष्य येतो तो 'एक हिंदी मुद्रक' म्हणून, आणि तसाच निघून जातो.

घरात हा विषय निघाला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, पण साडेचारशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा मृत्यूचा दाखला काढून तुम्हांला मिळणार काय? तुमच्या आत्याबाईंचा अजून आणायचाय." प्रश्न बिनतोड होता. म्हणून मी उत्तर न देता मांडवीच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या छापखानेवाल्या काकांकडे गेलो.

काकांचा छापखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली. आता सगळे संगणकावर होते. पण त्यांच्या पडवीत ट्रेडल मशीन अजून उभे आहे. आगगाडी कोकणात यायच्या कितीतरी आधी ते मुंबईहून बोटीने आले, सुटे भाग करून पडावातून उतरवले, आणि बैलगाडीने पडवीपर्यंत आणले. काका त्याला अजून महिन्यातून एकदा तेल घालतात. मी त्यांना सगळी केस सांगितली आणि म्हटले, "काका, हा माणूस कशाने मेला असेल?"

"आधी संशयित सांग," काका म्हणाले. ते रहस्यकथा छापून म्हातारे झाले होते.

पहिला संशयित मी सांगितला तो मोडशी. गोव्यात १५४३ साली पटकीची भयंकर साथ आली होती, आणि पुढेही ती वरचेवर येत राहिली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने आपल्या औषधींवरच्या ग्रंथात तिच्यावर एक प्रकरणच लिहिले आहे. आपली माणसे या दुखण्याला मोडशी म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशी' केले, आणि फ्रेंचांनी ते ऐकून 'मोर्-द-श्यँ' केले. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचे मरण. आजीच्या तोंडचा ओव्यासुंठीचा शब्द एवढा प्रवास करून इतक्या वाईट अर्थाला पोचलेला मी दुसरा पाहिला नाही.

"मोडशी एका माणसाला नेते," काका म्हणाले. "नाव कशाला नेईल? पुढचा?"

दुसरा संशयित इन्क्विझिशन. हे धर्मन्यायालय गोव्यात १५६० साली सुरू झाले. याच ऑर्ताचे उदाहरण घ्या. त्याचा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाला. मुद्रक जुआंव दि एंदेम. त्यात छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्राचीच पाने मोजावी लागतात. ऑर्ता १५६८ साली अंथरुणात मेला. पण तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. त्याआधी, १५६९ साली, त्याच्या बहिणीला तर जिवंत जाळले होते. थट्टेच्या सुरात लिहिता येणार नाहीत अशा काही गोष्टी इतिहासात असतात, त्यांतली ही एक. पण तपासाच्या दृष्टीने मुद्दा असा की या न्यायालयाच्या कचाट्यात जो सापडे त्याचे नाव ते न चुकता लिहून ठेवी. छळणारे लोक नोंदीच्या बाबतीत फार काटेकोर असतात. आमचा माणूस बेनाव राहिला, यावरून तो त्यांच्या तावडीतून सुटला असावा, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे.

तिसरा संशयित खुद्द काकांनी पुरवला. "शिसं," ते म्हणाले. खिळे म्हणजे टाइप. ते शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे ओततात. दिवसभर बोटे शिशात, तीच बोटे भाकरीला, तीच विडीला. वर्षानुवर्षे ते अंगात भिनते. पोट दुखते, मनगटे लुळी पडतात. "आमच्याकडे मालक संध्याकाळी जुळाऱ्यांना गुळाचा खडा द्यायचे. गुळाने शिसं उतरतं म्हणे. उतरत असेल-नसेल, गूळ मात्र उतरायचा." जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा. हल्लीच्या मुलांना हा शब्द सांगितला तर लग्न जुळवणारा वाटतो, म्हणून खुलासा केला.

चौथी शक्यता मीच मांडली. ती कोणत्याही रहस्यकथेच्या लेखकाला आवडणार नाही. एवढा देशोदेशी हिंडलेला माणूस, एक दिवस कंटाळून आपल्या गावी गेला असेल. चार माड, एक विहीर, ओसरीवर बसून नातवंडांना लिस्बनच्या गोष्टी. आणि नातवंडांचा त्यांवर काडीचा विश्वास नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी खिळ्यांची एक केस ओढली. लाकडी, उथळ, खणाखणांची. "तू माणूस कसा मेला ते शोधतोयस," ते म्हणाले. "जुळाऱ्याचं काम कसं मरतं ते माहीत आहे? हे बघ. एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये उलटी ओळ लावायची. आरशात दिसते तशी. ओळींचं पान, पानांचा फर्मा. फर्मा छापून झाला की तो धुवायचा, सोडायचा, आणि एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचा. क क च्या घरात, म म च्या घरात. पोथी जुळव नाहीतर तमाशाचं हँडबिल, संध्याकाळी सगळं मोडून परत केसमध्ये. गवंड्याची भिंत राहते, सुताराचा पाट राहतो. आमचं काय राहतं?"

"छापलेला कागद राहतो ना काका."

"राहतो. त्यावर मुद्रकाचं नाव असतं. म्हणजे मालकाचं. माझं आहे हो सगळ्यांवर! पण माझ्याकडे तीस वर्षं ज्यानं खिळे लावले, त्याचं एकाही पुस्तकावर नाही. त्याची आठवण लेखक फक्त चूक झाली की काढायचे. आणि तेव्हासुद्धा नावानं नाही. मुद्राराक्षस म्हणायचे."

आपल्या भाषेतला हा शब्द किती निर्दय आहे हे मला त्या दिवशी कळले. विशाखदत्ताचे बिचारे संस्कृत नाटक, त्याचे नाव आपण छपाईच्या चुकीला देऊन टाकले. नव्याण्णव ओळी बिनचूक लावणारा तो कोणीच नाही. शंभराव्या ओळीत 'आजन्म' चे 'आजम्न' झाले की तो राक्षस.

या बेनाव माणसाच्या बाबतीत तर छापलेला कागदही राहिलेला नाही. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात १५५६ सालीच विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठी काही प्रमेये छापली गेली. भारतात यंत्रावर छापलेला हा पहिला मजकूर. त्याची एकही प्रत उरलेली नाही. दुसऱ्या वर्षी सेंट फ्रान्सिस झेवियरची प्रश्नोत्तरी छापली, तिचीही नाही. गोव्यात छापलेले जे सर्वांत जुने पुस्तक आज शिल्लक आहे ते १५६१ सालचे, आणि ते आहे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात. खुद्द सेंट पॉल कॉलेजची जुन्या गोव्यात एक कमान तेवढी उभी आहे. तिच्यातून पलीकडे गेले की आपण पुन्हा मोकळ्या हवेतच येतो.

म्हणजे भारतातला पहिला हिंदी मुद्रक आज आपल्याला माहीत आहे तो त्याच्या छपाईमुळे नव्हे, हाताने लिहिलेल्या पत्रांमुळे. आणि त्याने जे काही जुळवले ते परक्यांच्या भाषेत, परक्यांच्या लिपीत. या देशातल्या लिपीचे पहिले खिळे गोव्यात पडले १५७७ साली, तेही तमिळचे. जुआंव गोन्साल्विश या ब्रदरने ते पाडले. त्यातून पुढच्या वर्षी कोल्लमला सोळा पानांची एक पुस्तिका छापली गेली. मराठीची पाळी त्याहून पुष्कळ उशिरा आली. फादर थॉमस स्टीफन्सने आपले 'ख्रिस्तपुराण' अस्सल मराठी ओवीत रचले, पण १६१६ साली रायतूरला ते छापावे लागले रोमन लिपीत. नागरी खिळे व्हावेत म्हणून त्याने १६०८ साली रोमला पत्र लिहिले होते. साचे सहाशेच्या घरात जातात, पण युक्ती केली तर दोनशेंत भागेल, असा त्याचा हिशेब होता. त्याची ती मागणी काही पुरी झाली नाही. तीनशे वर्षांनी लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची काटछाट करून १९० खिळ्यांत मराठी बसवली. स्टीफन्सचा हिशेब बरोबर होता असे आमच्या टिळक आळीत जन्मलेल्या माणसाने सिद्ध करावे, यात मला उगाचच अभिमान वाटतो. टिळकांचा जन्म १८५६ चा, गोव्यात छापखाना उतरल्याला बरोबर तीनशे वर्षे झाली तेव्हाचा.

मध्यंतरी तो छापखानाच वारला होता. त्याची तारीख मात्र सापडते. १६७४ नंतर गोव्यात छपाई थांबली ती थेट १८२१ साली 'गझेता दि गोवा' निघेपर्यंत. एकशे सत्तेचाळीस वर्षे! बरे, ज्या १६७४ साली तिथला छापखाना बसला, त्याच साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, आणि त्याच साली भीमजी पारेख नावाच्या व्यापाऱ्याच्या खटपटीने हेन्री हिल्स नावाचा इंग्रज मुद्रक मुंबईला आला. त्याला छापता येत होते, पण इथल्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. त्यामुळे तीही गाडी तिथेच रुतली.

गोव्याचा छापखाना कशाने मेला याबद्दल मात्र मला फारसे गूढ वाटत नाही. तो इथल्या वाचणाऱ्यांचा कधी झालाच नाही. मालक एक, गिऱ्हाईक एक, मजकूर एक. इथल्या माणसाच्या बोलीचा तेवढ्यापुरता उपयोग होता, आणि पुढे तीही नकोशी झाली. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. तीन वर्षांत! आमच्याकडे तीन वर्षांत साधा फेरफार होत नाही. कोकणी तो हुकूम खाऊन ढेकर देऊन आजही बोलली जाते, पण ज्या छापखान्याला वाचक नको होते तो मात्र जगला नाही. मराठीला नागरी खिळे मिळाले ते शेवटी १८०५ साली, दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला विल्यम केरीच्या व्याकरणात. त्या कामी केरीला वैजनाथ नावाच्या पंडितांची मदत झाली. या मदतनिसाचे निदान नाव तरी आपल्याला माहीत आहे. अडीचशे वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणायची.

एवढे झाल्यावर मी एका रात्री रीतसर वारसतपासाचा मसुदा केला. मयताचे नाव : कोरे. मृत्यूची तारीख : कोरी. मृत्यूचे ठिकाण : कोरे. व्यवसाय : जुळारी. मागे ठेवलेली मिळकत : छपाईची कला. वारस : मराठी, कोकणी, तमिळ, बंगाली आणि इतर सर्व भाषांत ज्यांनी कधी छापील अक्षर वाचले असेल ते सर्व, समान हिश्शाने. हा रकाना भरताना हात जरा थांबला. कारण आमच्याकडे सामाईक मिळकतीचे वारस वाढत गेले की मूळ पुरुषाचे नाव पहिल्यांदा विसरतात.

मसुदा काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आधी सवयीने प्रूफ तपासले. एक वेलांटी दीर्घ केली, एक अनुस्वार दिला. मग कोऱ्या रकान्यांपाशी थांबले.

"इथे काय घालणार?"

"काही नाही. नावच नाही, तर काय घालू? कोरं सोडतो."

"कोरं सोडता येत नाही," काका म्हणाले. "तुम्हां लिहिणाऱ्यांना वाटतं, कोरी जागा म्हणजे काही नाही. छापखान्यात तसं नसतं. दोन शब्दांमध्ये जागा दिसते ना, तिथेही खिळा असतो. नुसता बुटका असतो, म्हणून त्याला शाई लागत नाही आणि तो कागदावर उठत नाही. पण तो काढून बघ. ओळ सैल पडते, आणि फर्मा उचलला की सगळे खिळे घरभर."

आणि केसमधून तसा एक बुटका खिळा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. शिशाचा, थंड, बिनअक्षराचा. म्हणाले, "हे घे. तुझ्या त्या रकान्यात बसेल."